कराटेच्या सेमिनारला पहिल्यांदा जाताना

आमच्या वर्गातल्या चौघीजणी पुढच्या महिन्यात पहिल्यांदाच सेमिनारला निघाल्या आहेत. शनिवार-रविवार, वाशीला, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच. गेल्या मंगळवारी वर्ग सुटल्यावर त्यांनी मला जिन्यात गाठलं. काय घालायचं, काय खायचं, आपल्याला झेपेल का, तिथे मारतात का. उभ्या उभ्या जमेल तेवढं सांगितलं. घरी येऊन भात लावताना लक्षात आलं की मुख्य गोष्ट सांगायची राहूनच गेली. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी ठाण्यात चरईत राहते, ब्लाऊज आणि ड्रेस शिवते. एकोणचाळिसाव्या वर्षी मुलीला वर्गाला सोडायला जाता जाता मीही रांगेत उभी राहिले. दहावीत गेल्यावर मुलीचं सुटलं, माझं राहिलं. शोतोकान शैलीचं कराटे, आठ वर्षं झाली. गेल्या वर्षी शोदान मिळालं, म्हणजे पहिला काळा बेल्ट. एवढ्या काळात ठाणे, वाशी, नेरूळ, खारघर मिळून अकरा सेमिनार केले. माझा अनुभव शोतोकानचा आहे. ज्युदो, आयकिदो, तायक्वांदो यांच्या सेमिनारात शब्द बदलतील, रीत थोडी बदलेल, पण पिशवीत काय भरायचं आणि अनोळखी माणसासमोर कसं उभं राहायचं, हे सगळीकडे सारखंच.

आधी एक गैरसमज दूर करते. सेमिनार ही स्पर्धा नाही. तिथे कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. बाहेरचे एखादे ज्येष्ठ सेन्सेई, म्हणजे गुरू, येतात, कधी दुसऱ्या राज्यातून, कधी थेट जपानहून. वेगवेगळ्या दोजोंतली, म्हणजे कराटेच्या वर्गांतली, मुलंमाणसं एका हॉलमध्ये जमतात आणि दोन दिवस एखाददुसऱ्या विषयावर काम होतं. बऱ्याच ठिकाणी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ग्रेडिंग, म्हणजे बेल्टची परीक्षा, ठेवतात. ते वेगळं, त्याची फी वेगळी, आणि त्याला बसायचं की नाही हे तुमचे सर ठरवणार. सेमिनारचं जे सर्टिफिकेट मिळतं ते हजेरीचं असतं. ते भिंतीवर जरूर लावा, पण त्याने बेल्ट बदलत नाही. बेल्टची ही सगळी पद्धतच मुळात कराटेची नव्हे. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी दान पदव्या, म्हणजे काळ्या बेल्टच्या पायऱ्या, सुरू केल्या, आणि कराटेत शोतोकानचे संस्थापक गिचिन फुनाकोशींनी पहिले काळे बेल्ट दिले ते १९२४ साली.

आता ती मुख्य गोष्ट.

लोक सेमिनारला जातात मोठ्या सेन्सेईंना बघायला. जरूर बघा. पण शंभर माणसांत ते तुमच्या वाट्याला येणार दोन-तीन मिनिटं. तुमच्या वाट्याला खरे येतात ते अनोळखी जोडीदार, आणि दोन दिवसांत असे वीस-पंचवीस तरी येतात. सेमिनारचे पैसे वसूल होतात ते त्यांच्याकडून.

हे मला कळलं ते ग्रीन बेल्ट असताना. विषय होता हेइआन शोदान, आपण सगळे पहिल्यांदा शिकतो तोच काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम. त्यातली चौथी हालचाल आठवा. उजवा पाय मागे ओढत उजवा हात गोल फिरवायचा आणि मुठीचा हातोडा वरून खाली आणायचा. कुणी मनगट धरलं तर ते सोडवायचं, अशी त्याची बुनकाई, म्हणजे त्या हालचालीचा उपयोग, सांगतात. वर्गात माझी जोडीदार तेव्हा चार वर्षं एकच होती. माझ्याच वयाची, माझ्याच उंचीची, जिवाभावाची मैत्रीण. तिच्या हातातून माझं मनगट दर वेळी सुटायचं, आणि मी समजून चालले होते की हे मला येतं.

सेमिनारला जोड्या बदलल्या आणि समोर आला तुर्भ्याचा एक मुलगा. वीस-एकवीस वर्षांचा, ब्ल्यू बेल्ट. वडील एपीएमसी मार्केटात माथाडी, सुट्टीत हाही त्यांच्यासोबत पोती उचलायचा. मला हे सगळं जेवणाच्या सुट्टीत कळलं. तेव्हा फक्त त्याचा पंजा दिसला.

"काकू, जोरात धरू का?"

"धर की."

त्याने धरलं आणि माझा हात जागचा हलला नाही. पुन्हा केलं, पुन्हा नाही. तिसऱ्यांदा मी दात आवळून ओढला तेव्हा तो हळूच म्हणाला, "काकू, तुम्ही नुसता हातच ओढताय." तेवढ्यात सेन्सेई रांगांमधून फिरत आमच्यापाशी आले. काही बोलले नाहीत. आधी माझ्या उजव्या पायाकडे बोट केलं, मग स्वतःच्या कमरेवर थाप मारली. पाय मागे यायच्या आधीच माझा हात निघत होता. पाय आणि कंबर मागे येऊ दिली, आणि मुलाचा अंगठा नि बोटं जिथे मिळतात त्या फटीच्या दिशेने मनगट वळवलं, तेव्हा पाच वेळांपैकी एकदा सुटलं. एकदाच. पण ते खरं सुटलं होतं.

चार वर्षं माझं मनगट सुटत होतं, कारण माझी मैत्रीण ते सोडत होती. तिने जाणूनबुजून नाही केलं. मी कधी ओढणार हे तिच्या हाताला पाठ झालं होतं, आणि मायेपोटी तिची बोटं आपोआप सैल पडत होती. माझंही तिच्या बाबतीत तेच चाललं होतं. ओळखीचा हात असा फसवतो. त्यासाठी वर्षातून एकदा तरी परक्या हातात मनगट द्यायला हवं.

नाव नोंदवण्यापूर्वी

आयोजकांना फोन करून तीन गोष्टी विचारा. हॉल केवढा आणि माणसं किती घेणार? बेल्टप्रमाणे गट वेगळे करणार का? जागेवर प्रथमोपचाराला कोण असेल? या प्रश्नांना सरळ उत्तर मिळालं तर निम्मी काळजी मिटते. मी एकदा हे न विचारता गेले होते. कुठे ते सांगत नाही. हॉलच्या मानाने दुप्पट माणसं भरली होती. पाय पुढे टाकला की पुढच्याच्या पाठीला लागायचा. जोडीचं काम झालंच नाही. दोन दिवस नुसती मोजणी, आणि शेवटचा दीड तास फोटोंना गेला. हातात सर्टिफिकेट आलं, अंगात काही आलं नाही. फी भरण्याआधी विचारण्यात कसलाही उद्धटपणा नाही.

आपल्या सरांना सांगितल्याशिवाय परस्पर नाव देऊ नका. ही रीत आहे म्हणून म्हणते, आणि त्यामागे कारणही आहे. तुमचा गुडघा कसा आहे, तुम्हाला कोणता गट झेपेल, हे तुमच्याआधी त्यांना ठाऊक असतं.

गी, आणि एका शिंप्याच्या चार सूचना

कपड्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे, ते माझं काम आहे.

नवी गी, म्हणजे कराटेचा पांढरा पोशाख, सेमिनारला घालून जाऊ नका. सुती कापड धुतलं की आटतं, आणि कोरं असताना काखेत आणि मानेला घासतं. तीन वेळा धुवा, मग अंगावर घालून माप बघा. बाह्या लांब वाटल्या तर दुमडून घालू नका, बऱ्याच सेन्सेईंना ते आवडत नाही. कापून आतून टीप मारून घ्या. पायजमा घोट्याच्या हाडापर्यंत हवा. त्याहून लांब असला तर वज्रासनातून उठताना टाचेखाली येतो आणि माणूस तोंडावर पडतो. मी स्वतः दोघांना पडताना पाहिलंय.

जांघेतली शिवण उलटी करून बघा. बाजारातल्या स्वस्त गीला तिथे एकच टीप असते. पहिल्या खोल झेनकुत्सु दाचीला, म्हणजे पुढचा गुडघा वाकवून उभं राहताना, टर्रकन उसवते. आदल्या आठवड्यात दुहेरी टीप मारून घ्या, कुठलाही शिंपी पाच मिनिटांत करून देईल. कोटाच्या आतल्या नाड्याही ओढून पाहा. तुटली तर सेफ्टी पिन लावायची नाही, काहीही झालं तरी नाही. जोडीदाराच्या हाताला ती उघडी पिन लागते. पिशवीत सुईदोरा ठेवा.

जाड कापडाच्या, बारा औंसाच्या गीचा पंच मारताना छान फटकारा निघतो, हे खरं. पण मे किंवा ऑक्टोबरमध्ये वाशीच्या बंद हॉलमध्ये ती दहा मिनिटांत घामाने जड होते आणि दुपारपर्यंत अंगावर ओलं गोणपाट घेतल्यासारखं वाटतं. आपल्या खाडीकाठच्या हवेला आठ औंसाची बरी. शक्य असेल तर दोन गी न्या, दुपारी बदला. एकच असेल तर आत घालायचे पांढरे टी-शर्ट दोन न्या.

बायकांसाठी: आत गोल गळ्याचा पांढरा टी-शर्ट, खाली चांगली घट्ट स्पोर्ट्स ब्रा. केस बांधायला कापडी किंवा रबरी बँड, धातूची क्लिप नको. बांगड्या, कानातलं, चमकी, सगळं काढायचं. आणि जोडवी. जोडवी विसरू नका. अनवाणी पायाने मॅटवर वळताना जोडवं अडकलं तर बोट मोडू शकतं. वर्षानुवर्षं घातलेली असली तर ऐनवेळी निघत नाहीत, आदल्या रात्री साबण किंवा तेल लावून शांतपणे काढा. मंगळसूत्र घरीच ठेवा, पिशवीत नको. माझ्या पहिल्या सेमिनारच्या वेळी सासूबाईंना हे कसं सांगावं याचंच मला दडपण आलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं, हात पुढे केला, म्हणाल्या, "दे, मी देवाजवळ ठेवते." आता प्रत्येक सेमिनारच्या आदल्या रात्री ते त्यांच्याच हातात देते.

हातापायांची नखं आदल्या दिवशी कापा. अगदी त्याच दिवशी कापली तर कडा धारदार राहतात.

पिशवीत बाकी काय? छोटा टॉवेल, पाय पुसायला जुनं फडकं, चिकटपट्टी, क्रेप बँडेज, पाण्याच्या दोन बाटल्या, वही, पेन, ओले कपडे भरायला प्लास्टिकची पिशवी. कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, असेल तर मिट्स, शिन गार्ड आणि माऊथगार्ड स्वतःचं. दुसऱ्याचं माऊथगार्ड घेत नाहीत हे सांगायला नको.

गाडी आणि डबा

रविवार म्हणजे मेगाब्लॉक. शनिवारी रात्री झोपण्याआधी बघून ठेवा की ठाणे-वाशी ट्रान्सहार्बरवर ब्लॉक आहे का आणि कधी. जाताना सकाळी लवकर असल्यामुळे सहसा त्रास होत नाही, पण दुसऱ्या सत्रालाच येणारे अडकतात. ठाण्याहून वाशीला अर्धा तास धरा, पण नऊ-दहा नंबरच्या फलाटापर्यंत पूल चढून जायला लागणारा वेळ आणि वाशी स्टेशनवरून पुढची रिक्षा धरून हॉलवर पाऊण तास आधी पोचायचं बघा. कपडे बदलायला एकच खोली आणि तिच्याबाहेर रांग, हे नेहमीचंच. गी घरून घालून निघू नका. प्रवासात ती मळते, आणि बेल्ट रस्त्यावर मिरवायचा नसतो असं आमचे सर सांगतात. मला ते पटतं.

सुरू होण्याआधी दीड-दोन तास पोहे किंवा उपमा, निम्म्या पोटी. उशीर झाला तर दोन केळी. लिंबू, साखर, मीठ घातलेलं पाणी एका बाटलीत, साधं दुसऱ्या बाटलीत, आणि तहान लागायची वाट न बघता प्रत्येक सुट्टीत चार घोट. दुपारच्या जेवणाला आयोजकांची थाळी असेल तर वरण-भात घ्या, पुरी-छोले सोडा. मी घरून दहीभात नेते. पहिल्या वर्षी मी सगळ्यांबरोबर तर्रीची मिसळ खायला गेले आणि तीन वाजता मावाशी गेरी (गोल फिरवून मारायची लाथ) करताना घशाशी आली. मिसळ सोमवारी खा.

हॉलमध्ये शिरताना

चपला दाराबाहेर, ओळीत, पुढची टोकं बाहेरच्या दिशेने. आत शिरताना थांबून वाकायचं. उशीर झाला तर सरळ रांगेत घुसायचं नाही. कडेला वज्रासनात बसायचं, कुणी खूण केली की वाकून मागच्या रांगेत उभं राहायचं.

रांग बेल्टप्रमाणे लागते, समोर तोंड करून उभं राहिलं की ज्येष्ठ उजवीकडे. आपली जागा कळली नाही तर जवळच्या ब्राऊन बेल्टला विचारा, कुणी हसत नाही. मग सेइझा, म्हणजे वज्रासन, मोकुसो म्हटलं की डोळे मिटायचे. पुढे शोमेन नि रेई, सेन्सेई नि रेई, ओतागाइ नि रेई. भिंतीला, गुरूंना आणि शेवटी एकमेकांना नमस्कार. गुडघ्याला वज्रासन झेपत नसेल तर आधीच सांगून मांडी घाला. शेवटी काही ठिकाणी दोजो-कुन म्हणतात, पाच ओळी. प्रत्येक ओळ हितोत्सुने सुरू होते, म्हणजे एक. दोन, तीन, चार नाहीच. पाचांपैकी कुठलीच दुय्यम नाही म्हणून. मला ते फार आवडतं.

सूचना जपानीत येतील. इची, नि, सान तुम्हाला येतंच. त्याशिवाय एवढं पाठ करा: मिगी उजवा, हिदारी डावा, माए पुढे, उशिरो मागे, मावात्ते वळा, हाजिमे सुरू, यामे थांबा, मोइचिदो पुन्हा एकदा, युक्कुरी सावकाश, कोताइ म्हणजे जोडीदाराची अदलाबदल. यामे ऐकू आलं की हात जिथे असेल तिथे थांबला पाहिजे, ही एक गोष्ट पक्की असली तर बाकी बघून बघून जमतं.

जमीन आधी पायाने तपासा. शाळेच्या हॉलमध्ये लाद्यांवर फोमच्या मॅट जोडून टाकलेल्या असतात. शंभर माणसं वळायला लागली की सांधे उघडतात आणि त्या फटीत पायाचं बोट जातं. आपल्या जागेखालचा सांधा सरकलेला दिसला तर सुट्टीत पायाने दाबून बसवा. घामाचे थेंब पडले तर स्वतःच्या फडक्याने पुसा. तुमच्यामागून येणारा त्यावर घसरणार असतो.

पहिला तास बहुधा किहोनचा, म्हणजे मूळ हालचालींचा. एकच ग्याकु झुकी, म्हणजे मागच्या हाताचा पंच, शंभर वेळा. इथे जीव तोडून सगळं संपवू नका. दोन दिवस काढायचे आहेत. मोजणीवर सगळ्यांनी एकदम हलायचं, ही रीत कुठून आली हे कळल्यावर मला तिचा कंटाळा येईनासा झाला. ओकिनावात, म्हणजे कराटे जिथून आलं त्या जपानच्या बेटावर, पूर्वी गुरू मोजक्या शिष्यांना शिकवत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अंको इतोसु यांनी कराटे तिथल्या शाळांत नेलं. समोर वर्गभर मुलं, त्यांच्यासाठी त्यांनी पिनान नावाचे पाच काता बसवले. फुनाकोशी १९२२ साली प्रात्यक्षिकासाठी टोकियोला गेले आणि तिथेच राहिले. पुढे त्यांनी त्याच काताना हेइआन हे नाव दिलं. म्हणजे एका वेळी अनेकांनी शिकायची सोय या काताच्या जन्मापासूनच आहे. पण कुणी मनगट धरलं तर काय, हे मोजणीत समजत नाही. त्याला समोर माणूसच लागतो.

सेन्सेई करून दाखवतात तेव्हा सगळ्यांचे डोळे त्यांच्या मुठीवर असतात. तुम्ही पाय बघा. दुसऱ्यांदा दाखवतील तेव्हा कंबर बघा. मूठ तिसऱ्यांदा बघितली तरी चालते.

ते जे दाखवतील ते आपल्या सरांच्या सांगण्याहून वेगळं निघेल, हे नक्की धरून चाला. टाच जराशी वेगळी, हिकिते, म्हणजे कमरेशी ओढलेला हात, जरासा खाली. "आमच्याकडे असं नाही करत" हे वाक्य तोंडातून काढू नका. त्या दोन दिवसांत त्यांचं तसंच्या तसं करा, वहीत लिहा, आणि वर्गात आल्यावर सरांना विचारा. आमच्या सरांनी एकदा उत्तर द्यायला दोन आठवडे घेतले, मग म्हणाले, "त्यांचं बरोबर आहे, आपण आजपासून बदलू." त्या दिवसापासून त्यांच्याबद्दलचा माझा आदर दुणावला.

जोडीदार

कोताइ झालं, समोर नवं माणूस उभं राहिलं. आधी वाका. मग दोन वाक्यं बोला, त्याहून जास्त नाही. एक, तुमचं काही दुखत असेल तर ते. "माझं उजवं मनगट नाजूक आहे." दोन, "किती जोर लावू?" लाज वाटण्यासारखं यात काहीच नाही. माझ्या दुसऱ्या सेमिनारला मी शिवणयंत्रावर दुखावलेलं मनगट झाकून ठेवलं, कुणाला सांगितलं नाही, आणि एका भल्या माणसाने अगदी रीतीप्रमाणे पिरगाळल्यावर सहा आठवडे मला कात्री धरता आली नाही. चूक पूर्ण माझी. ऐन लग्नसराईत चौदा ब्लाऊज परत द्यावे लागले.

धरायची पाळी तुमची असेल तर मनापासून धरा. सुरुवातीला थोडं सैल, समोरच्याला हालचाल समजली की घट्ट. पहिल्याच फेरीत पूर्ण ताकदीने आवळून "बघ, सुटत नाही" दाखवणं जितकं निरुपयोगी, तितकंच दर वेळी हात सोडून देणं. वार करायची पाळी असेल तर निशाणा खरा हवा. बाजूच्या हवेत पंच मारला तर समोरच्याच्या ब्लॉकला अर्थच राहत नाही. लागण्याच्या अगदी अलीकडे थांबायचं, याला सुन-दोमे म्हणतात, आणि थांबता येत नसेल तर वेग कमी करा, अंतर खोटं करू नका.

समोरचा पांढरा बेल्ट असला तरी त्याला शिकवायला लागू नका. शिकवायला आलेले सेन्सेई समोर आहेत. त्याने विचारलं तर एक गोष्ट सांगा. समोर काळा बेल्ट असला तर घाबरून आखडू नका. माझ्या अनुभवात सगळ्यात सुरक्षित जोडीदार तेच असतात. जपून राहायचं ते नुकताच ब्राऊन बेल्ट मिळालेल्या तरण्या मुलांपासून, त्यांच्या हातात जोर आलेला असतो आणि ब्रेक यायचा असतो. समोर लहान मूल आलं तर गुडघ्यावर बसून त्याच्या उंचीला या, आणि त्याच्या जोराइतकाच जोर लावा.

पकड, पिरगळ, पाडणं असेल तर टॅप लक्षात ठेवा. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थापटलं की त्याने तत्क्षणी सोडायचं, आणि तुम्हीही. सहन होतंय का हे बघत बसू नका.

मुलींना आणि बायकांना एक वेगळं सांगते. मुलगे-पुरुष जोडीदार असणार, आणि बहुतेक सगळे नीट वागतात, उलट जरुरीपेक्षा जास्त जपून वागतात. पण कुणाचा स्पर्श हालचालीपुरता नाही असं वाटलं तर एक पाऊल मागे या, मोठ्याने "यामे" म्हणा, हात वर करा आणि जोडीदार बदलून मागा. कारण सांगायची गरज नाही. नंतर आपल्या सरांना किंवा आयोजकांतल्या बाईंना सांगा. आपण उगाच बोभाटा करतोय असं मनात आणू नका.

दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला अंग जड होतं. मी ज्या दुखापती पाहिल्या त्यातल्या बऱ्याचशा या वेळेतल्या आहेत. पाय उचलत नसेल तर परवानगी घेऊन कडेला बसा आणि बघा. बघून शिकण्याला जपानीत मितोरी गेइको असं नावच आहे, म्हणजे तोही सरावच. मोबाइल मात्र पिशवीत राहू द्या. चित्रीकरणाला परवानगी असेल तर आयोजक स्वतः सांगतात.

परत आल्यावर

येताना गाडीत जागा मिळाली की ऐरोली यायच्या आत वही उघडा. सगळं लिहू नका, आठवणारही नाही. तीन गोष्टी: कुठल्या जोडीदारापुढे तुमचं काय चाललं नाही, त्याने किंवा सेन्सेईंनी काय दाखवलं, आणि त्यात तुमच्या अंगाचा कुठला भाग होता. माझ्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच आहे: "तुर्भ्याचा मुलगा. उजवा पाय आधी. अंगठ्याच्या फटीतून."

घरी आल्याबरोबर गी पाण्यात घाला, ओली पिशवीत राहिली तर सकाळपर्यंत वास बसतो. गार पाणी, थोडा सोडा, ब्लीच नको, शिवण कमजोर होते. मांड्या आणि पोटऱ्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त दुखतात, तेव्हा सोमवारी बरं वाटलं म्हणून घरातली सगळी कामं काढून बसू नका. एखादा सांधा सुजला, पाय टेकवत नसेल, तर मात्र मालिश न करता डॉक्टरांकडे जा.

मग मंगळवारी वर्गात आपल्या नेहमीच्या जोडीदारासमोर उभं राहायचं. मी माझ्या मैत्रिणीला सगळं सांगितलं, तुर्भ्याच्या मुलाचं, पायाचं, अंगठ्याचं. तिला वाईट वाटेल की काय अशी धाकधूक होती. तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं, मनगट धरलं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा तिच्या बोटांचा जोर मला हाडापर्यंत लागला. सुटलं नाही. मग मी तिचं धरलं. तिचंही सुटलं नाही. त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून दुसरं काहीच केलं नाही.